जुनी टेबलटॉप सीएनसी मिल घेतलीये, आहे ते पॅनल चालू करू की सगळं बदलू?

दुर्बीणकार_पुणे:

नमस्कार मंडळी. एक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट बंद झाली, त्यांच्या वर्कशॉपचं सामान भंगारात निघालं होतं, त्यातनं मी एक टेबलटॉप सीएनसी मिल (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारी मशीन) उचललीये. तीन अ‍ॅक्सिस, बॉडी कास्ट आयर्नची, टेबल साधारण दीड फूट, लिफ्टपर्यंत न्यायला चौघं लागले. नेमप्लेट कोणीतरी काढलेली त्यामुळे मेक कळत नाही, मॅन्युअल नाही, आणि सोबतचा कॉम्प्युटर आधीच वेगळा विकला गेलेला. विकणारा म्हणतो चालू कंडिशनमध्ये होती, पोरं शिकायची त्यावर. नुसती उभी किती वर्षं होती ते त्यालाही सांगता येत नाही.

मला कशाला पाहिजे ते आधी सांगतो म्हणजे उत्तर देताना सोपं जाईल. मी हौशी दुर्बिणी बनवतो, सध्या ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) चालू आहे. आरसा घासणं हे हाताचं काम, ते शिकवणारी माणसं पुण्यात आहेत, ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा होत आल्यात. पण आरसा झाला की काम अडतं ते धातूपाशी. फोकसर (आयपीस धरून पुढेमागे करणारा भाग), आरशाचा सेल (आरशाची बैठक), स्पायडरचे (छोटा आरसा धरणाऱ्या पट्ट्यांचे) तुकडे असे एकेक नग करून द्यायला जॉबवर्कवाले तयार नसतात आणि त्यांचंही बरोबर आहे, एका नगासाठी सेटिंग कोण लावत बसणार. म्हणून वाटलं आपलीच मिल असावी. ठेवायची ड्राय बाल्कनीत, तिथे १५ अँपियरचा पॉइंट आहे.

पॅनलमध्ये एक मोठा गोल ट्रान्सफॉर्मर, शेजारी दोन जाड कपॅसिटर, तीन स्टेपर ड्रायव्हर (टेबलाच्या मोटर पावलापावलाने फिरवणारे), स्पिंडलसाठी (कटर धरून फिरतो तो दांडा) छोटा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि एक हिरवा बोर्ड ज्याला जुन्या प्रिंटरसारखं २५ पिनांचं सॉकेट. स्पिंडल मोटर अर्धा एचपी थ्री फेज, घरी अर्थातच सिंगल फेज. अजून वीज दिलेली नाही. टेबल हाताने फिरवून बघितलं, वाय (पुढे-मागे) आणि झेड (वर-खाली) ठीक, एक्स (डावी-उजवी) मात्र मधोमध आला की जड होतो, दोन्ही टोकांना हलका.

विचारायचं हे की आहे तेच पॅनल चालू करायच्या मागे लागू का सरळ सगळं काढून नवीन यूएसबीवाला कंट्रोलर टाकू? लॅपटॉपला यूएसबी टू प्रिंटर केबल लावून तो २५ पिनवाला बोर्ड चालेल का? आणि एक्स मध्ये जड का? ज्यांनी अशी जुनी मशीन उठवलीये त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, घाई अजिबात नाही.


मेकर_हडपसर:

भाऊ पॅनलचं काही खरं नाही, जुनं इलेक्ट्रॉनिक्स कशाला जपताय. आता जीआरबीएलवाले (मशीन चालवायचं फुकट सॉफ्टवेअर आतच असलेले) बोर्ड मिळतात, २०००-२५०० मध्ये काम होतं, यूएसबी लावली की लॅपटॉपवरून मशीन हलायला लागते. मी माझ्या लाकडावरच्या राउटरला तेच लावलंय, छान चालतंय. तपकीर गल्लीत कनेक्टर, केबल, एसएमपीएस सगळं मिळेल.


भोसरी_मेंटेनन्स:

दुर्बीणकार साहेब, वीज दिली नाही हे फार चांगलं केलंत. आता मी सांगतो त्या क्रमाने जा, कंट्रोलर कुठला हा प्रश्न नंतर येतो.

पहिलं पॅनलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वायरचे नंबर दिसतील असे. मग ब्लोअरने धूळ उडवा आणि प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू आवळा, वर्षानुवर्षं उभ्या मशीनला हे ढिले झालेलेच असतात, आणि ढिलं टर्मिनल तापून जळतं. मग मल्टिमीटर घेऊन प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडी, टेबल, स्पिंडल हेड, मोटरची बॉडी सगळीकडे कंटिन्युइटी बघा. कुठेही सुटलेलं असेल तर ते आधी. घरातल्या पॉइंटलाही तपासा, फेज ते अर्थ साधारण २३० आलं पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ दोनचार व्होल्टच. जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या पिनेला नुसती वायर लावलेली असते पण ती खाली कुठेच पोचत नाही, अशा पॉइंटवर ही मशीन लावायची नाही म्हणजे नाही, तुम्ही लोखंडाला हात लावून काम करणार आहात.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (वीज आत येते ती बाजू) वेगवेगळ्या व्होल्टेजचे टॅप असतील तर कुठल्या टॅपवर जोडलंय बघा. बाहेरून आलेल्या मशीनला कधीकधी ११० ची जोडणी असते, ती २३० वर लावली की सगळं एका क्षणात जातं.

मग व्हीएफडीची इनपुट वायर काढून बाजूला ठेवा आणि बाकी पॅनलला पहिली वीज सिरीज बल्बमधून द्या. १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब, एलईडी नाही. बल्ब भसकन पेटून मंद झाला तर कपॅसिटर चार्ज झाले, बरं आहे. पूर्ण उजेडात पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि एकेक ड्रायव्हर सुटा करून शोधा. बल्बवर ठीक दिसलं की मग सरळ द्या आणि कपॅसिटरवर डीसी मोजा. सेकंडरी ३० व्होल्टचं असेल तर कपॅसिटरवर ४१-४२ येईल. ड्रायव्हरवर कमाल व्होल्टेज छापलेलं असतं, रात्री लाईनचं व्होल्टेज चढतं तेव्हाही त्याच्या आत राहिलं पाहिजे. आणि स्विच बंद केला म्हणून लगेच हात घालू नका, ते कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून ठेवतात, मोजून खात्री करा मगच.

व्हीएफडी वेगळं प्रकरण. वर्षभराहून जास्त पडून असलेला व्हीएफडी थेट २३० वर टाकायचा नसतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पडून पडून कमजोर होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की गळती वाढते, कपॅसिटर तापतो आणि फुटतो. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळवा कोणाकडून तरी आणि पाव, अर्धं, पाऊण असं करत निवांत चढवा, प्रत्येक टप्प्याला थांबत. थ्री फेजची काळजी करू नका, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी असणार, मशीन शाळेत चालत होती म्हणजे तसंच असेल, पण तरी व्हीएफडीची इनपुट पाटी वाचा आणि मोटरच्या पाटीवर २३० ला डेल्टा लिहिलंय ना ते बघा.

दोन गोष्टी कायमच्या लक्षात ठेवा. ड्रायव्हर चालू असताना स्टेपर मोटरचा प्लग कधीही उपसायचा नाही, ड्रायव्हर तिथल्या तिथे मरतो. आणि लाल मशरूम बटण नक्की काय तोडतं ते वायर धरून शोधा. ते फक्त कॉम्प्युटरला सिग्नल देत असेल तर पुरेसं नाही, कॉन्टॅक्टर (मोठा रिले) टाकून ड्रायव्हर आणि व्हीएफडीची सप्लाय तुटली पाहिजे. कॉम्प्युटर अडकलेला असतानाच ते बटण लागतं.


सोल्डरवाली_कर्वेनगर:

वरचं सगळं अगदी बरोबर, मी फक्त कॉम्प्युटरबद्दल लिहिते.

यूएसबी टू प्रिंटर केबल चालणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. त्या २५ पिनांवर प्रिंटरचा डेटा जातच नाही, प्रत्येक पिनेवर कॉम्प्युटर थेट पल्स टाकतो, एक पल्स म्हणजे मोटरचं एक पाऊल, आणि हे सेकंदाला हजारो वेळा अगदी ठरल्या वेळेला व्हावं लागतं. यूएसबी डेटा गठ्ठ्याने पाठवते, त्यात ती वेळ राहत नाही. त्यासाठी खरा पॅरलल पोर्ट पाहिजे, मदरबोर्डवरचा किंवा पीसीआय कार्डवरचा.

सॉफ्टवेअरला दोन रस्ते. मशीनबरोबर बहुतेक माक३ (विंडोजवरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) असणार, पण त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो, म्हणजे एक्सपी नाहीतर ३२ बिटचं ७, शिवाय लायसन्स जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलं. मी लिनक्ससीएनसी सुचवेन. फुकट आहे आणि पोरखेळ नाही, मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत ९० च्या दशकात झालेलं काम, आधी नाव ईएमसी होतं, २०११ मध्ये लिनक्ससीएनसी झालं. एखादा जुना ऑफिसातला डेस्कटॉप घ्या ज्याला मागे पॅरलल पोर्ट आहे. लॅपटॉप नको, बॅटरी वाचवायच्या भानगडीत त्यांचं टायमिंग बिघडतं.

डेस्कटॉप विकत घ्यायच्या आधी लिनक्ससीएनसीचा लाइव्ह यूएसबी घेऊन जा आणि तिथेच लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर ठरल्या वेळेला किती चुकतो त्याची चाचणी) चालवा. टेस्ट चालू असताना खिडक्या हलवा, मोठी फाइल कॉपी करा, कॉम्प्युटरला त्रास द्या. आकडा १५-२० मायक्रोसेकंदच्या आत आला तर उत्तम, ३०-५० पर्यंत चालतं, १०० च्या वर गेला तर तो डबा घेऊ नका, मग तो कितीही नवीन असो. यात प्रोसेसरच्या वेगाचा फारसा संबंध नसतो, बरेचदा जुने साधे डबेच चांगले निघतात. बायोसमध्ये पॅरलल पोर्ट ईपीपी मोडला ठेवा, पत्ता बहुधा ३७८ असतो.

मेकर_हडपसर, जीआरबीएल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मीही वापरते. पण यांच्याकडे ड्रायव्हर, ट्रान्सफॉर्मर, लिमिट स्विच सगळं आधीच जोडलेलं आहे. आधी त्यातलं काय जिवंत आहे ते कळू दे. सगळं उपटून नवीन टाकलं आणि मशीन हलली नाही तर दोष जुन्या मोटरचा का नवीन बोर्डाचा का वायरिंगचा, काहीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणि एक, जमलं तर पाबळला विज्ञान आश्रमात जाऊन या. तिथे २००२ पासून फॅब लॅब (अशा यंत्रांची शिकायची कार्यशाळा) आहे, भारतातली पहिली. फॅब लॅबच्या ठरलेल्या सामानात सर्किट बोर्ड कोरायची टेबलावरची छोटी मिल असतेच, चालती मशीन जवळून बघितली की पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.


टूलरूम_काका:

मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय त्यामुळे वायरिंगचं मला विचारू नका, लोखंडाचं सांगतो.

एक्स मधोमध जड आणि टोकांना हलका, हे लक्षण महत्त्वाचं आहे. शिकवायच्या मशीनवर सगळी पोरं व्हाइस टेबलाच्या मधेच लावतात, त्यामुळे झीज मधे होते. झिजलेल्या मशीनचं लक्षण उलटं असतं, मधे ढिली आणि टोकांना घट्ट, कारण गिब (सरकत्या भागातली फट भरणारी पट्टी) मधल्या झिजेला धरून कोणीतरी आवळलेली असते. टेबल हलवणाऱ्या स्क्रूची अलाइनमेंट गेली असेल तरीही जडपणा टोकाला येतो, बेअरिंगजवळ, तिथे स्क्रूला वाकायला जागा नसते. तुमचं मधे जड आहे म्हणजे माझा संशय असा की टेबल वर्षानुवर्षं मधेच उभं होतं, नटाच्या जागेवर ग्रीस वाळून दगड झालं आणि खाली गंजाचा पट्टा पडला. हा चांगला निकाल आहे, साफ होतो.

खात्री अशी करा. कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) सोडा, नट टेबलापासून मोकळा करा, आणि टेबल हाताने नुसतं ढकलून बघा. तेव्हाही मधे जड लागलं तर दोष डोव्हटेलमध्ये (टेबल सरकतं ती खाच) किंवा गिबमध्ये. टेबल सुळसुळ चाललं तर दोष स्क्रूत. पण एक लक्षात ठेवा, नट स्क्रूवरून पूर्ण उतरवू नका! बॉलस्क्रू असेल तर सगळ्या गोळ्या खाली सांडतील आणि त्या परत भरणं हे फार किचकट काम आहे. नट आहे तिथेच ठेवून रॉकेल आणि मऊ ब्रशने स्क्रू धुवा, नट पुढेमागे फिरवत राहा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. रॉकेल वापरताना बाल्कनीचं दार उघडं ठेवा आणि जवळ गॅस, गीझर काही नको. कॉम्प्रेसरची हवा नटावर मारू नका, बर (धातूचा चुरा) आत जाते. पॉलिश पेपर स्क्रूवर अजिबात नको. मग बॉलस्क्रूला साधं लिथियम ग्रीस, आणि डोव्हटेलला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. ग्रॅफाइटवालं काळं ग्रीस टाळा.

सफाई झाली की गिब. आवळत न्या, टेबल हाताने जड लागायला लागलं की किंचित सोडा, पूर्ण प्रवासात एकसारखं लागलं पाहिजे.

मग बॅकलॅश (दिशा उलटताना स्क्रू आणि नटात राहणारी मोकळी जागा) मोजा. मॅग्नेटिक बेसवर डायल (बारीक हालचाल मोजणारा गेज) लावा, टेबल एकाच दिशेने आणून डायल शून्य करा, १ मिमी पुढे, १ मिमी मागे, परत शून्यावर किती कमी येतं तो तुमचा बॅकलॅश. टेबलाच्या मधे आणि दोन्ही टोकांना वेगळा मोजा. ०.०२-०.०३ मिमी असेल तर आनंदाने काम करा. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय असते म्हणतात, ती नुसत्या पोझिशनपुरती ठीक, पण कटर जॉबला ओढतो तेव्हा टेबल त्या मोकळ्या जागेत उडी घेतं, ते सॉफ्टवेअर धरू शकत नाही. तुम्हाला याचं महत्त्व जास्त आहे कारण फोकसरला गोल भोक पाहिजे. बॅकलॅश असलेल्या मशीनवर एन्ड मिल (कटर) गोल फिरवून भोक पाडलं की जिथे दिशा उलटते तिथे, म्हणजे चार ठिकाणी, पायरी पडते.

शेवटी हेड सरळ आहे का बघा. स्पिंडलला पपी डायल धरा आणि टेबलावर हाताने गोल फिरवा. दीडशे मिमीच्या गोलात ०.०२ च्या आत आणा. हेडचे बोल्ट सोडून हलक्या हाताने ठोकत ठोकत आणायचं, संयम लागतो. हे केल्याशिवाय फेस मारलात (वरची बाजू सपाट कापलीत) तर जॉबवर एका बाजूने ओरखडे दिसतील.


दुर्बीणकार_पुणे:

काय लिहू, एवढं मनापासून सांगितलंत सगळ्यांनी. काका, तुमचं निदान तंतोतंत निघालं. नट सोडल्यावर टेबल सुळसुळ चाललं, आणि स्क्रूवर बरोबर मधे तपकिरी पट्टा होता. रॉकेलने धुतल्यावर आता एक्स पूर्ण प्रवासात एकसारखा आहे. बॅकलॅश एक्सला ०.०३, वायला ०.०२.

भोसरीदादा, सगळं तुमच्या क्रमाने केलं. बल्ब भसकन पेटून मंद झाला, कपॅसिटरवर ४१ आले. व्हीएफडी ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्यांकडच्या डिमरस्टॅटवर चढवला, आता स्पिंडल पॅनलवरच्या नॉबने सुंदर फिरतो, ३००० आरपीएमपर्यंत. मशरूम बटण खरंच फक्त सिग्नल देत होतं, कॉन्टॅक्टर टाकून घेतला.

ताई, लेटन्सी टेस्टमध्ये १४ हजार नॅनोसेकंद दाखवणारा एक जुना डेस्कटॉप मिळाला, लिनक्ससीएनसी टाकलं, स्टेपकॉन्फमध्ये (त्यातला सेटिंग भरायचा प्रोग्रॅम) तिन्ही अ‍ॅक्सिस भरले. आता अडलोय ते असं की स्क्रीनवर आकडे पळतात पण मोटर ढिम्म. हाताने शाफ्ट फिरवला तर फिरतो, म्हणजे मोटर धरतच नाहीये. ड्रायव्हरवर हिरवा दिवा आहे. बोर्डावर ५ व्होल्ट आहेत. पिन २ वर मीटर लावलं तर जॉग करताना (बटणाने टेबल हलवताना) व्होल्टेज हलतं, म्हणजे कॉम्प्युटरकडून पल्स येतोय. मग अडतंय कुठे?


सोल्डरवाली_कर्वेनगर:

मोटर धरत नाही म्हणजे ड्रायव्हरला इनेबल (चालू हो असा सिग्नल) मिळत नाही. पल्स बोर्डापर्यंत येतोय, बोर्ड पुढे सोडत नाही. बोर्डावर कुठे चार्ज पंप किंवा सीपी असं छापलंय का? असल्यास कुठल्या पिनेपाशी?

असे बोर्ड मुद्दाम बनवलेले असतात. कॉम्प्युटर चालू होताना पॅरलल पोर्टच्या पिना वाटेल तशा वरखाली होतात, तेव्हा मोटर किंवा स्पिंडल स्वतःहून सुरू व्हायला नको. म्हणून बोर्ड एका पिनेवर सतत चाललेला ठोका शोधतो, साधारण १२.५ किलोहर्ट्झ, माक३ तो देतं. ठोका आहे तोवर बोर्ड आउटपुट उघडे ठेवतो, सॉफ्टवेअर गोठलं की ठोका थांबतो आणि सगळं बंद. लिनक्ससीएनसी हा ठोका आपणहून देत नाही, सांगावं लागतं.

स्टेपकॉन्फमध्ये त्या पिनेला चार्ज पंप निवडा. बेस पीरियड (सॉफ्टवेअर दर किती वेळाने पिना बदलतं तो काळ) ४० मायक्रोसेकंद ठेवा, कारण ठोका प्रत्येक पीरियडला एकदा उलटतो, ४० वर आणि ४० खाली मिळून ८० मायक्रोसेकंद, म्हणजे बरोबर १२.५ किलोहर्ट्झ. वेगाचीही काळजी नको. तुमचा स्क्रू ५ मिमी पिचचा आणि ड्रायव्हर १६०० पल्सला एक फेरी यावर असेल तर १ मिमीला ३२० पल्स होतात, आणि या पीरियडला सेकंदाला १२५०० पल्स जाऊ शकतात, म्हणजे मिनिटाला २३०० मिमीच्या वर. ही मशीन त्याच्या निम्म्याने चालवलीत तरी भरपूर आहे.


दुर्बीणकार_पुणे:

ताई, चालली!! पिन १७ शेजारी बारीक अक्षरात सीपी लिहिलेलं होतं. चार्ज पंप निवडला, मशीन ऑन केली, आणि तिन्ही मोटर एकदम टक करून लॉक झाल्या. घरात सगळे बघायला आले. मी ते पॅनल भंगारात देणार होतो आणि त्यात बिघडलेलं एक स्क्रूदेखील नव्हतं.

आता एक बारीक दुखणं राहिलंय. एक्सला १० मिमी पुढे, १० मिमी मागे असा छोटा जी-कोड (मशीनच्या हुकमांचा) लूप लावून ठेवला आणि डायल लावली. सुरुवातीला परत शून्यावर येतो, पण बराच वेळ चालू ठेवलं की शून्य हळूहळू एकाच बाजूला सरकत जातं. वाय आणि झेडलाही तसंच. वेग अर्धा केला तरी तेवढंच. बॅकलॅश वाढतोय का?


टूलरूम_काका:

बॅकलॅश असा साठत जात नाही. तो दर वेळेला तेवढाच येतो आणि उलट दिशेला तेवढाच परत मिळतो. तुमचं साठतंय म्हणजे लोखंडाचा दोष नाही, कपलिंगचा ग्रब स्क्रू तेवढा एकदा बघून घ्या, पण तिन्हीला एकसारखं होतंय म्हणजे तेही नसावं. ताईंना विचारा.


भोसरी_मेंटेनन्स:

पल्सची उलटसुलट आहे. ड्रायव्हर पल्सच्या एका कडेवर पाऊल टाकतो, चढत्या किंवा उतरत्या. तुमच्या बोर्डावर ऑप्टोचा (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारा भाग) कॉमन +५ ला असेल तर सिग्नल उलटा होतो, मग ड्रायव्हर नको त्या कडेवर पाऊल टाकतो, आणि नेमकी दिशा बदलताना एक पाऊल चुकीच्या बाजूला पडतं. एक पाऊल म्हणजे तुमच्याकडे ०.००३ मिमी, डोळ्याला काय डायललाही नीट दिसत नाही, पण दर फेरीला एक जरी चुकलं तरी ५०० फेऱ्यांत दीड मिमी होतं. वेग कमी केल्याने फरक पडत नाही हीच याची खूण, ताकद कमी पडून पावलं सुटत असती तर वेग कमी केल्यावर थांबलं असतं.

स्टेपकॉन्फमध्ये स्टेपच्या तिन्ही पिनांना इन्व्हर्टची खूण करा. आणि दिशेचा सेटअप आणि होल्ड टाइम २० मायक्रोसेकंद ठेवा, जुन्या ऑप्टोला वेळ लागतो.


मेकर_हडपसर:

हे मला माझ्या राउटरवरही तपासायला पाहिजे, मोठ्या कोरीवकामात शेवटी डिझाइन थोडं सरकलेलं दिसतं. चांगला धागा झालाय हा. दुर्बीणकार, पहिला कट कशात घेणार? आणि ड्राय बाल्कनीत पावसाळ्याचं काय करणार?


टूलरूम_काका:

पहिला कट हवेत. जॉबच्या वर २० मिमी झेड ठेवून पूर्ण प्रोग्रॅम चालवा, हात मशरूम बटणावर. मग डेलरिन (कडक प्लास्टिक). त्यात समाधान झालं की अ‍ॅल्युमिनियम, आणि दुकानात नुसतं अ‍ॅल्युमिनियम मागू नका, मऊ काहीतरी देतील जे टूलला चिकटतं. एचई-३० मागा. तुमचा स्पिंडल ३००० चा, त्यावर ६ मिमीचा दोन धारांचा कार्बाइड एन्ड मिल, फीड (पुढे सरकायचा वेग) मिनिटाला १८० मिमीच्या आसपास, खोली आधी अर्धा मिमी. ३००० वर ६ मिमीच्या टूलची कटिंग स्पीड मिनिटाला ५६ मीटरच होते, अ‍ॅल्युमिनियमला कमी आहे पण हरकत नाही, वेळ लागेल एवढंच. आवाज ऐकत राहा, किंचाळला की खोली कमी करा. बॅकलॅश आहे तोवर क्लाइम्ब कट (ज्यात कटर जॉबला ओढतो) नको, कॅममध्ये (जी-कोड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याच्या उलटा कन्व्हेन्शनल निवडा.

पावसाळ्यात रोज काम संपलं की बर ब्रशने काढून टेबल, स्क्रू, डोव्हटेल सगळ्याला तेलाचा हात. प्लास्टिकने घट्ट झाकू नका, आत दमट हवा अडकून जास्त गंज धरतो, सुती चादर टाका. बाल्कनीत पाऊस येत असेल तर पॅनल तरी खोलीत घ्या.


दुर्बीणकार_पुणे:

स्टेप इन्व्हर्ट केलं, लूप चालू ठेवून जेवून आलो तरी डायल शून्यावर. भोसरीदादा, मनापासून आभार.

असाच बोर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती लागला तर म्हणून माझ्या पिना इथे लिहून ठेवतो. एक्स स्टेप २ दिशा ३, वाय ४ आणि ५, झेड ६ आणि ७, तिन्ही स्टेप इन्व्हर्ट. इनेबल १४, चार्ज पंप १७, स्पिंडलचा रिले १. इनपुटला इमर्जन्सी १०, होम ११, १२, १३. सगळे स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. बेस पीरियड ४०००० नॅनोसेकंद, १ मिमीला ३२० पल्स. जी-कोड फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून काढतोय, पोस्ट प्रोसेसर लिनक्ससीएनसी निवडला की सरळ चालतो.

डेलरिनमध्ये सेलचे तीन पाय केले, व्हर्निअरला अपेक्षेप्रमाणे आले. आता फोकसर. सव्वा इंची आयपीसचं बॅरल ३१.७५ मिमी, त्याला न हलता बसेल आणि अंधारात हाताने सहज निघेल असं भोक पाहिजे. काका, तुम्ही म्हणालात गोल फिरवून पायरी पडते, मग कसं करू?


टूलरूम_काका:

एन्ड मिलने गोल फिरवून ३१ पर्यंत आणा, पायरी पडली तरी चालेल, पुढे निघून जाणार आहे. मग जॉब व्हाइसमधून न हलवता, एक्स वाय तिथेच ठेवून, स्पिंडलला छोटं बोरिंग हेड (एका धारेने भोक थोडंथोडं मोठं करणारं) लावा. तेव्हा टेबल हलत नाही, फक्त झेड खाली येतो, त्यामुळे बॅकलॅशचा संबंधच राहत नाही आणि भोक स्पिंडल जितका खरा तितकं गोल येतं. बोरिंग हेड बोहरी आळीत विचारा, शँक (हेडचा दांडा) तुमच्या कोलेटमध्ये (टूल धरणारी पकड) बसेल एवढीच घ्या, मोठं हेड या स्पिंडलला झेपणार नाही. आरपीएम ५००-६०० वर आणा, फीड सावकाश, दर पासला ०.१, शेवटचे दोन पास एकाच सेटिंगवर.

माप ३१.८५ धरून चाला. पण त्याआधी तुमच्याकडचे सगळे आयपीस मायक्रोमीटरने मोजा, प्रत्येक कंपनीचं बॅरल थोडंथोडं वेगळं असतं, सगळ्यात जाड निघेल त्याला धरून भोक करा.